तिन्ही प्रती

सासरेबुवांकडे घरच्या फोटोंच्या तीन प्रती होत्या: एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक बँकेच्या लॉकरमधल्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवर. विजेचं बिल एक वेळ भरायचं राहील, पण दर महिन्याला तिन्ही प्रती ताडून बघणं चुकायचं नाही. सत्तरी उलटल्यावर त्यांनी हे काम जावयाकडे सोपवलं. जावई त्यांच्याहून काटेकोर निघाला.

“बाबा, निम्मी जागा मोकळी केली! हिच्या लहानपणचे सगळे फोटो दोन-दोनदा होते. तेच झबलं, तीच खुर्ची, तेच बोळकं. एकेक ठेवला, दुसरा उडवला. तिन्हीकडचा, हं!”

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “दोन-दोनदा नव्हते हो ते. त्या दोघी होत्या.”

एकुलती एक म्हणून वाढलेली त्यांची मुलगी आईकडे वळली. “कोण दोघी?”

“जुळ्या होतात तुम्ही,” सासरेबुवा म्हणाले. “ती दीड वर्षाची असताना गेली. तुला सांगू सांगू म्हणता राहूनच गेलं.”

मुलीने लॅपटॉप आईसमोर धरला. “मग ह्यातली मी कोणती?”

सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “दोन्ही फोटो शेजारी ठेवले की ओळखायचे गं मी.”