डावीकडचं दार

"दोन लाख किलोमीटर पळालीय, साहेब. आता डागडुजी पुरे, नवीनच घ्या," गॅरेजवाला म्हणाला. दिगंबरराव मान डोलावू लागले.

त्यांच्या पत्नी शरयूबाई मात्र हिरमुसल्या. गाडीचं डावीकडचं दार कित्येक वर्षं फक्त बाहेरून उघडत होतं. त्यामुळे जन्मात कधी बायकोची पिशवीसुद्धा न धरलेला हा माणूस दर वेळी वळसा घालून यायचा आणि तिच्यासाठी दार उघडून अदबीनं उभा राहायचा. मंगल कार्यालयासमोर तर साऱ्या जावा जळफळायच्या.

"नवीबिवी काही नको. हिचंच इंजिन करा, ब्रेक बघा," त्यांनी फर्मावलं.

"बरं. आधी हे दार घेतो," म्हणत गॅरेजवाल्यानं पाना उचलला.

"दाराला हात लावायचा नाही!" शरयूबाई कडाडल्या. "गाडीत तेवढं एकच धड आहे."