नळाचा आवाज

परवाना विभागाच्या मोठ्या बाई दारातच थबकल्या. त्यांचा मदतनीस आत घुसला आणि समुपदेशकावर खेकसला, "मनाचे आजार बरे करता म्हणे! परवाना दाखवा."

"नाही माझ्याकडे," तो म्हणाला. ना सारवासारव, ना गयावया. किल्ल्या टेबलावर ठेवून त्याने बाईंकडे पाहिलं. "नळाचा आवाज थांबला का हो?"

मदतनिसाने खोलीभर नजर फिरवली. नळ कुठेच नव्हता. "मॅडम, हा ओळखतो तुम्हाला?"

बाई सीलचा कागद उलगडू लागल्या.

"छे! आज पहिल्यांदाच पाहतोय," उत्तर त्यानेच दिलं.

दाराला सील लागलं. लेक गेल्यापासून तिच्या बंद न्हाणीघरातला नळ बाईंना रात्रभर वाहताना ऐकू यायचा. हे त्यांनी फक्त त्याच खोलीत सांगितलं होतं. आज तो या जिन्यातही ऐकू आला.

"लोकांची पण कमाल आहे, मॅडम," मदतनीस उतरता उतरता म्हणाला. "शहरात परवानेवाले पैशाला पासरी पडलेत, आणि हे असल्या भोंदूकडे जाऊन मन मोकळं करतात!"

"त्या सगळ्यांच्या परवान्यांवर माझी सही आहे," बाई म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय मी!"