वाळूतली पैमाइश

चैताची दुपार. गंगाखेडाखाली गोदावरीच्या, तिकडच्या गंगेच्या, कोरड्या पात्रात जमीन मोजायची पैमाइशीची साखळी तिसऱ्या दिवशीही सरकत होती. पांढऱ्या वाळूवरून ऊन असं उसळत होतं, की मान खाली घातली तरी डोळ्यांत शिरायचं. वेठीला धरून आणलेल्या माणसांनी एरंडेलात काजळी कालवून डोळ्यांभोवती फासली होती. मोजणीवरचे अंमलदार व्यंकटराव अमीन, त्यांनी पहिल्याच दिवशी ती नाक मुरडून परत केली. असली घाण आपल्या तोंडाला नको, म्हणाले.

आज त्यांचे डोळे सुजून मिटले. साखळीवाल्या चंद्रभाननं त्यांना हाताला धरून काठावरच्या बाभळीखाली आणलं. तिथंच तानुबाईचं तीन महिन्यांचं पोर झोळीत रडत होतं. तानुबाई सकाळपासून निशाण धरून उन्हात उभी होती. पाजायला जाऊ द्या, म्हणून तिनं दोनदा विनवलं; कुणाच्या पोरासाठी साखळी थांबत नसते, असं अमिनांनी दोन्ही वेळा सुनावलं होतं.

चंद्रभाननं तिला बोलावून घेतलं. अंगावरचं दूध डोळ्यांत घातलं तर आग उतरंल, म्हणाला. आज माप पुरं झालं न्हाई, तर उद्या पुन्हा सगळ्यांना याच वाळूत यावं लागणार होतं.

"आधी लेकराला पाजते," तानुबाई म्हणाली.

"आधी माझे डोळे," अमीन पडल्यापडल्या म्हणाले. "पानात आण. हात लागू देऊ नको."

उन्हानं तिचं दूधही आटत आलं होतं. झाडाआड जाऊन तिनं पळसाच्या पानात जेमतेम चमचाभर पिळलं. पण अमिनांच्या पापण्या पिवळ्या चिपडानं घट्ट चिकटलेल्या, उघडता उघडेनात. शेवटी ते कुरकुरले, लाव हात.

तिनं अंगठ्यानं पापणी ओढली. चिकट पाणी तिच्या बोटांवरून मनगटाकडं ओघळलं. तंबाखूचा उग्र वास तोंडावर आला. थेंब पडताच अमिनांनी सुखानं ओठ चाटले, आणि तिनं चटकन हात मागं घेतला.

झोळीतलं रडणं आता बसक्या आवाजात चाललं होतं.

घागरीत दोन तांबे पाणी उरलं होतं. तानुबाईनं त्यातला एक हातांवर ओतला, वाळू घेऊन कोपरापर्यंत खसाखसा घासलं. मग दुसराही ओतला. आवाज ऐकून अमिनांनी मान वळवली. प्यायचं पाणी कशाला सांडतेस, म्हणून विचारलं.

"हात धुवायलेय, साहेब," ती म्हणाली. "लेकराला घ्यायचंय."