मिसिसिपीच्या कण्या

आईने समोरच्या बशीकडे बघितलं आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"पद्मा, ह्या तर कण्या हायत."

"हळू बोल," पद्मा म्हणाली. खरं तर लोरेनला मराठीतला एक शब्दही कळत नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या हॉस्पिटलात लोरेन आणि पद्मा सहा वर्षं एकाच वॉर्डात नर्स होत्या. शिफ्टमधल्या चहाला दोघींचा विषय एकच, कुठे काय चांगलं मिळतं. शनिवारच्या बाजारातलं लाक्सा, नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स, लोरेनने पद्माला दाखवलं, धक्क्यावरचा मासे तळणारा ग्रीक म्हातारा पद्माने लोरेनला. आई लातूरहून आल्यावर पद्माने तिला या सगळ्या ठिकाणी फिरवून आणलं. आई दोन घास खायची, छान हाय म्हणायची आणि बशी सरकवायची. घरी केलेलंही तिला जात नव्हतं. तीन आठवड्यांत तिचा ब्लाउज अंगात सैल झाला, आणि आता ती परतीचं तिकीट अलीकडचं काढ म्हणून मागे लागली होती.

हे ऐकल्यावर लोरेन म्हणाली होती, "रेस्टॉरंटं पुरे. रविवारी त्यांना माझ्याकडे आण. माझ्या आईचं जेवण घालते."

लोरेनची आई अमेरिकेतल्या मिसिसिपीची, तिथल्या काळ्यांच्या वस्तीतली. लष्करातल्या नवऱ्यामागे लोरेन डार्विनला आली, नवरा गेला तरी इथेच राहिली. आज टेबलावर शिजवलेला पाला होता, चवळी होती, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव. आणि मधोमध पातेलंभर ग्रिट्स, म्हणजे मक्याचा शिजवलेला भरडा, पांढरा, दाट, वाफाळता.

"एवढी मोठी नोकरी बाईला," आई म्हणाली, "आन् पाव्हण्याला बोलवून कण्या वाढती?"

"मॅम काय म्हणतायत?" लोरेनने विचारलं. दारात आल्यापासून ती आईला मॅमच म्हणत होती.

"छान दिसतंय म्हणते."

"पद्मा, मी साठ वर्षांची आहे. असं तोंड मी ओळखते. खरं सांग."

पद्माने खरं सांगितलं, जमेल तेवढ्या मऊ शब्दांत. आमच्याकडे ज्वारी भरडून असंच करतात. गरिबाघरचं खाणं आहे. पाहुण्याला वाढत नाहीत.

सहा वर्षांची मैत्री आता या टेबलावरच आटपते की काय, असं तिला वाटून गेलं. पण लोरेन तिच्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे वळली होती.

"बरोबर ओळखलंत, मॅम. गरिबाघरचंच आहे. आम्ही सात भावंडं. आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. मांस त्यांच्या टेबलावर जायचं, मानेची हाडं आमच्याकडे यायची. त्या हाडांचा रस्सा आणि हे. सातही जण यावरच वाढलो."

पद्माने वाक्या-वाक्याचं मराठी केलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "इचार तिला, तिची माय जिथं रांधायची, तिथं जेवायला कुठं बसायची?"

"आई, असलं काही विचारतात का?"

"तू इचार."

पद्माने विचारलं. लोरेनने हातातला पाव बशीत ठेवला.

"मागच्या पायरीवर. तिची बशी वेगळी असायची."

पद्माने तेही सांगितलं. आईने मान हलवली. "बशी तरी होती," ती म्हणाली. "आम्हाला वरून ओंजळीत टाकायचे."

हे पद्माने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याचं इंग्रजी तिने केलंच नाही. लोरेनने विचारलं नाही. तिने चवळीचं भांडं आईकडे सरकवलं.

आईने खाली ठेवलेला चमचा बाजूला सारला. कण्यांवर चवळीचा रस्सा ओतून घेतला, हाताने कालवलं आणि खायला लागली. बशी निपटून झाल्यावर ती लोरेनपुढे धरली.

"मीठ कमी हाय, सांग तिला. आन् अजून वाढ म्हणावं."

"तू मला कधी बोलली नाहीस," पद्मा म्हणाली.

"काय बोलायचं? एका शेराच्या भाकरी चौघांना पुरायच्या नाहीत, कण्या केल्या की सहाजण जेवायचे. तुझ्या बाबाला शाळेत शिपायाची नोकरी लागली, त्या दिवसापासून मी भरडायचं सोडलं. म्हटलं, लेकराच्या ताटात हे नको." आईने लोरेनकडे बोट केलं. "हिच्या लेकराला येतं का करायला?"

लोरेनचा मुलगा ब्रिस्बेनला होता. "नाही येत," ती म्हणाली. "मीच शिकवलं नाही. माझ्या पोराने स्टेक खावा, असं मला वाटायचं."

"खातो का मग?"

"रोज फोनवरून पिझ्झा मागवतो."

पद्माने सांगितलं तशी आई हसली. तोंडात घास होता म्हणून तिने पदर लावला.

पातेलं रिकामं झालं होतं. लोरेन आणखी टाकायला उठली. तिच्यामागोमाग आई उठली, नळाखाली हात धुतला आणि शेगडीपाशी जाऊन उभी राहिली. पाण्याला उकळी येईपर्यंत दोघी पातेल्यात बघत होत्या.

"पद्मा, हितं ये," आई म्हणाली. "एका वाटीला चार वाट्या पाणी. इचार तिला, तेवढंच ना?"

"चारच," लोरेन म्हणाली. तिने भरड्याची वाटी पातेल्यात उपडी केली आणि पळी पद्माच्या हातात दिली.

पद्मा ढवळू लागली. पांढरा भरडा पाण्यात फिरला आणि हळूहळू तळाशी जायला लागला.

"हात थांबवू नको," आई म्हणाली. "खाली लागतं."