बिनलेबलची बाटली

जयवंताने बिनलेबलची बाटली कृषी केंद्राच्या काउंटरवर आपटली. सकाळी कपाशीवर इथूनच घेतलेलं तेच औषध फवारताना तिचा नवरा रुपराव शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच कोसळला होता. नागपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर फोनवर एकच विचारत होते, “बाटलीत काय आहे?” दुकानदाराने चहाचा घोट घेतला. “टॉनिक आहे काकू, निव्वळ कडुनिंबाचा अर्क. यानं माणसाले काही होत नाही. काकाच उपाशीपोटी उन्हात गेले असतील.” जयवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने त्याच्याच कपात बाटली उपडी केली. चहावर पांढरा फेस चढला. “अर्क हाय ना? मंग पी. पी ना गा, काहून मागं सरकून राहिला?” तिने कप ओठांपाशी नेताच तो खुर्चीसकट भिंतीला टेकला आणि दोन जहाल विषांची नावं एका दमात बकला. जयवंताने चालू फोन त्याच्या तोंडासमोर धरला. “मले नको सांगू. डॉक्टरले सांग.”