सुटणे दहा, पोहोचणे चार

"ही दोन्ही तिकिटं रद्द करा," नानांनी परदेशातल्या मुलाने पाठवलेली विमानाची तिकिटं काउंटरवर ठेवली. शेजारच्या खुर्चीत माई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या.

"का हो, काका? परवाचंच तर विमान आहे," तिकीटवाली म्हणाली.

नाना एकतीस वर्षं बस डेपोत नियंत्रक होते. गाडी कधी सुटली आणि कधी पोहोचली एवढं कळलं, की ड्रायव्हर वाटेत किती वेळ चहा पीत बसला ते बसल्या जागी सांगायचे. त्यांच्यापुढे कुणाची थाप टिकत नसे. काल तिकीट हातात आल्यावर त्यांनी सवयीने वजाबाकी केली. सुटणे सकाळी दहा, पोहोचणे दुपारी चार, तारीख तीच. म्हणजे सहा तास! आयुष्यभर परक्यांच्या थापा पकडल्या, आता पोटच्या पोराची सापडली.

गेल्या वर्षी माईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा हाच मुलगा फोनवर म्हणाला होता, "फार लांब आहे हो, बाबा. नाही जमणार." माईंची बहीण मात्र गुडघे धरून आठ तास बसने आली होती.

हे सगळं नानांनी तिकीटवालीला सांगितलं. शेवटी ते उगाचच खोकले.

ती हसली नाही, हा तिचा चांगुलपणा. "काका, पोहोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते. ते आपल्यापेक्षा जवळजवळ दहा तास मागे आहे. प्रवास जवळजवळ सोळा तासांचा. अंतर म्हणाल तर तेरा हजार किलोमीटर."

नानांनी बोटांवर मोजलं. सहा आणि दहा. पुन्हा मोजलं. त्यांच्या सगळ्या गाड्या एकाच घड्याळावर धावल्या होत्या, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. आपला हिशेब चुकला याचा त्यांना जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. जीव भांड्यात पडला.

"अगं, ऐकलंस का? सोळा तास! तेरा हजार किलोमीटर! पोरगं खरंच बोलत होतं. आणि मी बिचाऱ्याला काल काय काय बोललो!"

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी दवाखान्यात अकरा दिवस होते," त्या म्हणाल्या.

नानांची बोटं काउंटरवर तशीच राहिली. ही वजाबाकी करायला डेपोतला नियंत्रक लागत नव्हता.

तिकीटवाली माईंकडे वळली. "मग काय करू, काकू? रद्द करू?"

माईंनी तिकिटं उचलली, नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"नको. त्याला नाही जमलं. आपल्याला जमतंय."