घुमणारा ट्रान्सफॉर्मर

लोहारा गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या उकंडाजींनी फोनमधलं कीर्तन मोठ्या स्पीकरवर ऐकायला घरीच एक कन्व्हर्टर बनवला, पण त्यातून बुवांचा आवाज फारच बारीक निघे. तो वाढवायला स्वस्तातला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हवा होता. म्हणून दर गुरुवारी ते जफरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक न्यायचे, लावून पाहायचे आणि पुढच्या गुरुवारी परत आणायचे.

“जफरभाऊ, हाही घुमून राह्यला. अभंगात भुंगा शिरल्यासारखा.”

“तुमचे कान लय नाजूक, काका. बसा, चहा सांगतो. मंग दुसरा पाहू.”

खरं तर पहिलाच ट्रान्सफॉर्मर अगदी स्वच्छ वाजला होता. पण कीर्तन संपल्यावर ‘आज काय सांगितलं बुवांनी?’ असं विचारणारं त्या घरात आता कोणी उरलं नव्हतं, आणि जफर चहा संपेपर्यंत सगळं ऐकून घ्यायचा.

पाचव्या गुरुवारी जफरनं कागदात गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर हाती दिला. “हा एकदम नवा हाये, काका. कसा वाजते, ते पुढच्या गुरुवारी येऊन सांगा.”



उकंडाजींनी घरी येऊन कागद सोडला, तर आत तो पहिलाच ट्रान्सफॉर्मर होता, तारा जोडताना त्यांनी स्वतः लावलेल्या सोल्डरच्या थेंबांसकट.